जड पाणी आणि हलका खिसा



वसंत ऋतूत मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज तुमच्या घरच्या नळाखाली बसणार आहोत. आम्ही रसायनशास्त्री नव्हे. कामगार संघटनेच्या कामात जे वाचावे लागले ते रात्री जागून वाचले, आणि जे वाचून उमगले नाही ते बॉयलरवर काम करणाऱ्या माणसांनी शिकविले. तेव्हा भाषा साधी राहील. हिशेब मात्र चोख ठेवू.

पाऊस पडतो तेव्हा पाणी मऊ असते. ते जमिनीत मुरताना मातीतला कर्बाम्ल वायू घेते, किंचित आंबट होते, आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्या पोटात विरघळवून घेते. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. आपल्या काळ्या मातीत खणताना चुनखडीचे खडे हाताला लागतात, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. या संगतीत पाणी जितके अधिक राहील, तितके ते जड होते. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. म्हणूनच धरणाचे पाणी बोअरच्या पाण्याहून बहुधा मऊ असते. १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो आणि घरोघर बोअरही आहेत. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पाण्याशी आपला परिचय आहे.

आता हिशेब. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. समजा, एखाद्या घरचे पाणी ४०० चे आहे. त्या पाण्याच्या १५ लिटरच्या बादलीत फेस येण्याआधीच सुमारे ३५ ग्रॅम साबण नुसता फुटून जातो. दीडशे ग्रॅमच्या वडीचा जवळजवळ चौथा भाग! तो कपड्याचा मळ काढीत नाही. पाण्यातल्या चुन्याशी बांधला जाऊन पांढरट साय होतो आणि बादलीला चिकटतो. हेच पाणी १०० चे असते तर नऊ ग्रॅमांत काम भागले असते. नव्या धुण्याच्या पावडरींना ही झळ कमी लागते, पण लागतेच. त्यातच डाळ शिजत नाही म्हणून सरपण वा गॅस अधिक जळतो, आणि बंबाच्या आत पापुद्रा धरून पाणी उशिरा तापते. ही एक पाणीपट्टीच आहे. तिची पावती मिळत नाही, आणि ती श्रीमंताहून गरिबाला जड जाते.

मग हे पाणी विष आहे काय? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. भीती धरावयाची ती जे जिभेला कळत नाही त्याची: सांडपाण्यातून शिरलेले जंतू, खतांतून व मैल्यातून उतरणारे नायट्रेट, खडकातून येणारे फ्लोराइड. उकळण्याने जंतू मरतात, थोडा जडपणाही तळाशी बसतो. नायट्रेट व फ्लोराइड मात्र तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने दाट होतात. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, जडपणा जात नाही. तात्पर्य, मऊ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, आणि जड पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. कोणते कोणते ते तपासणीनेच ठरते.

एका कारखान्यात आम्ही पाहिले की बॉयलरचे पाणी रोज तपासले जाई. त्याची वही ठेवलेली असे, आणि पाणी मऊ केल्यावाचून आत जात नसे. योग्यच होते, पापुद्रा धरला तर बॉयलरची नळी तापून फुटते. पण कामगार ज्या टाकीचे पाणी पीत, तिची वही कोठेही नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८ व्या कलमाने पिण्याच्या पाण्याची जागा, मुतारीपासूनचे अंतर, अडीचशेंहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यातला गारवा, एवढे सारे लिहून दिले होते. कामगारांनी त्याच कलमावर बोट ठेवून वही मागितली, आणि सर्वांनी मिळून मागितली म्हणून ती मिळाली. एकट्याने मागितली असती तर त्याला घरून बाटली आणावयास सांगितले असते.

आज गावोगाव हेच चालले आहे. ज्याची ऐपत आहे तो यंत्र बसवितो, ज्याची थोडी आहे तो थंड पाण्याचा जार घेतो, आणि बाकीचे नळाला तोंड लावतात. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे हे परवडेल काय? लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असतील तेथे अशा यंत्रांवर बंदी असावी, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली सरकारला सांगितले. जेथे फ्लोराइड वा नायट्रेट खरोखर अधिक आहे तेथे यंत्र लागेल. पण ते आहे की नाही हे आधी कळले पाहिजे. आणि यंत्रवाल्याचा आणखी एक तोटा असा, की घरात यंत्र आले की नळाविषयी तक्रार करणारा एक आवाज गावातून कमी होतो.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे आहे, हे त्यांनी शिकविले. सर्वांचे पाणी कसे आहे हे सर्वांना कळणे, ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

म्हणून दोन कामे सांगतो. पहिले घरचे. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत नळाचे, माप एकच. साबण पाण्यात विरघळवून थेंबथेंब घाला आणि हलवा. फेस टिकावयास कोणत्या बाटलीला किती थेंब लागले ते मोजा. ॲबर्डीनच्या टॉमस क्लार्क नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही साबणाची कसोटी प्रचारात आणली. तुमची मुले ती अर्ध्या तासात करतील.

दुसरे काम गावाचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासले जाते. प्रत्येक वॉर्डातल्या नळाच्या पाण्याचा अहवाल, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड व जंतू यांच्या आकड्यांसह, चौकातल्या फळ्यावर लागावा, अशी मागणी सह्यांनिशी करा. मानवत ही कापसाची बाजारपेठ. येथे कापसाची प्रत पाहिल्यावाचून व्यापारी भाव बोलत नाही. आपण मात्र पाण्याची प्रत न विचारता पाणीपट्टी भरतो. ती जरूर भरा. पण पावतीबरोबर अहवालही मागा, आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन मागा.