गेम मराठीत केला, तर गुन्हा होतो का?

आजचा भाग तलवाड्यातून. गेवराई तालुक्यातलं हे माझं गाव, त्वरितादेवीचं. सुट्टीला आलोय, त्यामुळे मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

प्रश्न गावातल्याच एका पोराचा आहे. तो पॉलिटेक्निकला आहे, बहीण सातवीत. विकत घेतलेल्या एका गेमचे सगळे संवाद त्यानं बहिणीसाठी मराठीत केलेत, कारण इंग्रजी वाचता वाचता तिची मजाच निघून जायची. आता मित्र म्हणतायत, आम्हालाही दे, टेलिग्रामवर टाक. तो विचारतो, "दादा, मी एक रुपयाही घेत नाही. मग कायदेशीरच आहे ना?"

उत्तर आधीच सांगतो. घरात केलंस तिथपर्यंत कायदा बऱ्यापैकी तुझ्या बाजूनं आहे. टेलिग्रामवर टाकलंस की नाही. आणि पैसे घेतले का नाही, यावर ती रेषा ठरत नाही. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. पण कायदा कोणालाही वाचता येतो, म्हणून वाचला.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणक प्रोग्राम हा ‘साहित्यकृती’ मानलाय. म्हणजे कादंबरी आणि कोड एकाच रांगेत! कलम १४ म्हणतं, भाषांतर करण्याचा आणि रूपांतर करण्याचा हक्क मूळ मालकाचा. म्हणजे मॉड असो की मराठीकरण, सुरुवात ‘परवानगी लागते’ इथूनच होते.

मग कलम ५२ येतं. त्यात अपवाद आहेत. ५२(१)(एडी) सांगतं, की कायदेशीर मार्गानं मिळवलेल्या प्रतीवरून, बिगर-व्यावसायिक वैयक्तिक वापरासाठी, प्रोग्रामची प्रत किंवा रूपांतर करता येतं. हे झालं कोडचं. गेममधली गोष्ट, चित्रं, संगीत या वेगळ्या कृती. त्यांच्या खाजगी वापराला ५२(१)(ए) मध्ये उचित वापर म्हणून जागा आहे. दोन्हीकडे शब्द बघा: वैयक्तिक, खाजगी. शंभर जणांच्या ग्रुपला खाजगी कसं म्हणणार? आणि क्रॅक केलेली प्रत असेल तर ‘कायदेशीर मार्गानं मिळवलेली’ ही अट पहिल्याच पायरीवर मोडते.

पैशाचा मुद्दा कुठं येतो? कलम ६३ मध्ये, शिक्षेत. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यात कमाईसाठी केलेलं नसेल, तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे फुकट वाटल्यानं शिक्षा कमी होऊ शकेल, उल्लंघन पुसलं जात नाही.

इथं आपल्या क्षेत्रातले लोक एक युक्तिवाद करतात: "मी गेम वाटतच नाही, फक्त पॅच वाटतो. त्यात मूळ फाइल नाही." तांत्रिकदृष्ट्या खरंय, पॅचमध्ये फक्त फरक असतो. पण तो फरक म्हणजेच तर भाषांतर! अमेरिकेत १९९८ साली मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन हा खटला झाला. ड्यूक न्यूकेम थ्रीडीच्या खेळाडूंनी बनवलेल्या ३०० लेव्हल्स गोळा करून सीडी विकली होती. त्या फाइल्समध्ये मूळ चित्रं नव्हती, तरी न्यायालय म्हणालं, ही त्याच गोष्टीची पुढची रूपं आहेत. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा कळते.

आणि मराठीत नुसता मजकूर बदलून भागतही नाही. ‘त्वरिता’ हा आपल्या देवीचाच शब्द घ्या. त्यात जोडाक्षर आहे, आणि ‘रि’ची वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहिताना आधी. गेमचं इंजिन अक्षरं एकेक करून मांडत असेल, तर पाय मोडलेला ‘त्’ सुटा दिसतो आणि वेलांटी भलतीकडे जाते. ते दुरुस्त करायला फॉन्ट आणि कोडमध्येही हात घालावा लागतो. म्हणजे भाषांतर आणि रूपांतर, दोन्ही आलं.

मग कंपन्या सगळ्यांवर केस करतात का? नाही. मदर ३ हा निन्टेंडोचा गेम २००६ मध्ये फक्त जपानीत आला. २००८ मध्ये चाहत्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं आणि ते टिकलं. काउंटर-स्ट्राइक तर हाफ-लाइफचा मॉडच होता. व्हॉल्व्हनं तो विकत घेतला. उलट २००९ मध्ये स्क्वेअर एनिक्सनं क्रोनो ट्रिगरवर आधारलेला, जवळजवळ पूर्ण झालेला क्रिमसन एकोज नोटीस पाठवून थांबवला. २०२१ मध्ये टेक-टूनं जीटीए व्हाइस सिटीचा कोड उलगडणाऱ्या चाहत्यांवर थेट दावा लावला, आणि तो कोड चालवायला मूळ गेमच्या फाइल्स लागायच्या तरीही. सांगायचं काय, तर मालकानं दुर्लक्ष करणं म्हणजे परवानगी नव्हे. ते दुर्लक्ष कधीही संपू शकतं.

तर मित्रा, तुझ्यापुढं तीन रस्ते आहेत.

पहिला, गेमचा परवाना वाच. माइनक्राफ्टसारखे काही जण मॉड बनवायला मोकळीक देतात, फक्त विकू नका म्हणतात. परवान्यात मनाई असेल, तर खातं बंद होण्याचा धोका वेगळाच.

दुसरा, लिहून विचार. छोट्या स्टुडिओला साधा मेल कर: भाषांतर तयार आहे, फुकट देतो, श्रेयनामावलीत नाव द्या. सोबत दोन स्क्रीनशॉट जोड. होकार आला, तर तो मेल जपून ठेव; तोच तुझा परवाना.

तिसरा, ज्यांनी दार आधीच उघडं ठेवलंय तिथं जा. सुपरटक्सकार्ट, झिरो एडी, बॅटल फॉर वेसनॉथ यांचा कोड खुल्या परवान्याखाली आहे आणि भाषांतराच्या फाइल्स कोणालाही भरता येतात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत दिसतात ते अशाच स्वयंसेवकांमुळे. तिथलं काम नोटीस येऊन उडत नाही.

बहिणीसाठी केलेलं तिला खुशाल खेळू दे. पण महिनोन्‌महिने राबून केलेली मराठी एका नोटिशीत पुसली जाणार असेल, तर ती मेहनत टिकेल अशा ठिकाणी लावलेली बरी. ते मराठीच्याही फायद्याचं आहे.

प्रश्न पाठवत राहा, मंडळी. भेटू पुढच्या भागात.