बेणणी करताना डोळे सांभाळा
(बागायतदारांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते. मजुरांच्या टंचाईमुळे विळ्याची जागा आता ग्रास कटरने घेतली आहे. विळा लागला तर तो धरणाऱ्यालाच लागतो. ग्रास कटरचे तसे नाही. त्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. गवतात दडलेला जांभ्याचा खडा त्याला लागला तर तो गोळीसारखा सुटतो आणि जवळ गवत गोळा करणाऱ्याचा डोळाही जाऊ शकतो.

एका बागेत मला पात्यावरचे संरक्षक आवरण काढून ठेवलेले दिसले. ‘गवत अडकते, काम लांबते,’ असे गड्याने सांगितले. मालक शेजारीच उभे होते. तेव्हा आज सांगतो आहे ते गड्यांइतकेच मालकांसाठीही आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बागेत फेरी मारून खडे, तारा, बाटल्या वेचून घ्या. पात्याला तडा नाही ना, नट घट्ट आहे ना, हे पाहा. यंत्र चालविणाऱ्याला संरक्षक चष्मा, जाड बूट, पूर्ण विजार, हातमोजे आणि कानाचे आवरण द्या. साधा गॉगल चालणार नाही.

यंत्रापासून 15 मीटरच्या आत कोणीही नसावे. 10 मीटरवर लावलेल्या कलमांच्या बागेत दोन ओळी सोडल्या की पुरे. कोणी जवळ आले तर आधी यंत्र बंद करावे.

पाते बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जावे. पात्याची पुढची उजवी बाजू खोडाला किंवा दगडाला लागल्यास यंत्राला जोराचा झटका बसतो. गवत गुंतले तर इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावरच हात घालावा. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावर भरावे. त्या वेळी जवळपास विडी नको.

डोळ्यात काही घुसलेच तर चोळू नका, उपसून काढू नका. डोळ्यावर दाब न देता स्वच्छ वाटी झाका आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

बंधूंनो, काम उक्ते देता येते, जबाबदारी नाही. या हंगामात यंत्र गड्याच्या हाती देण्याआधी चष्मा द्या, ही विनंती.