पुण्याचा एक स्वप्नाळू गिटार-मेळ

ढोलाच्या ठेक्यावर रात्र-रात्र चालणाऱ्या गोंडी रेला गीतांचा संस्कार ज्यांच्या कानांवर झाला आहे, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यमुलखातील रसिकांना पुण्याच्या 'इझी वाँडरलिंग्ज' या मेळाचे संगीत प्रथमश्रवणी परके वाटले, तर नवल नाही. सन्यंथ नारोथ यांनी उभ्या केलेल्या या मेळाने, बड्या ध्वनिमुद्रिका-कंपनीच्या सनदेची वाट न पाहता, २०१७ साली 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा इंग्रजी गीतांचा आल्बम प्रसिद्ध केला. गिटार हा त्याचा कणा. परंतु १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'कॉक्टो ट्विन्स' आदी मेळांनी रूढ केलेल्या ज्या स्वप्नाळू शैलीत हा आल्बम रचला आहे, तिच्यात तारेवरील आघातापेक्षा त्यामागे रेंगाळणाऱ्या नादाला अधिक मोल असते. विद्युत्-यंत्रणेतून पुनःपुन्हा परावर्तित झालेला स्वर सागवनातल्या धुक्यासारखा पसरतो आणि पुष्कळदा शब्दच त्यात दिसेनासे होतात. पुणेकरांनी (आणि हा त्यांचा विवेकच म्हणावा) शब्द सुस्पष्ट राखले, शिवाय बासरी-व्हायोलिनला मानाची जागा दिली. पालुपद समूहाने घोळवीत राहण्याचा रेल्यातील दस्तूर ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या आल्बममधील समूहस्वरांकडे विशेष लक्ष द्यावे.