लखनौचा शिक्का, ल्योंचे खरेदीखत

लखनौस गोमतीकाठी ‘कॉन्स्टॅन्शिया’ नावाची एक भव्य वास्तू आहे. फ्रान्समधील ल्यों शहरी जन्मलेल्या क्लॉड मार्टिनने ती बांधावयास घेतली. १८०० साली तो निवर्तला आणि मागे राहिले एक लांबलचक मृत्युपत्र. लखनौ, कलकत्ता व ल्यों या तिन्ही ठिकाणी शाळा काढाव्यात, अशी त्याची इच्छा होती. परंतु त्या कागदाचा अर्थ लावता लावता कज्जेदलाली वर्षानुवर्षे चालली, आणि लखनौची शाळा उघडावयास १८४५ साल उजाडले.

आज कागद उलट दिशेने प्रवास करतात. ल्योंमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीजवळ एखादे घर असावे, असे लखनौतील एखाद्या निवृत्त गृहस्थास वाटते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम त्यास बाहेर पाठविता येते. जाणे जमत नाही, म्हणून तो मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करतो, कचेरीतील नोटरीपुढे सही करतो आणि शिक्का उमटताच निश्चिंत होतो. गफलत होते ती येथेच.

आपला नोटरी १९५२ च्या कायद्यान्वये नेमलेला. सही अमक्यानेच व समक्ष केली, एवढीच त्याची ग्वाही. घर कोणाचे, त्यावर गहाण आहे काय, हे पाहणे त्याचे काम नव्हे. फ्रान्सचा नोटरी मात्र मालकी तपासतो, बोजा शोधतो, किमतीची रक्कम आपल्या ताब्यात घेतो, खरेदीखत स्वतः तयार करतो आणि मूळ प्रत आपल्याच दप्तरी ठेवतो. गोव्यातील जुन्या मंडळींस यात नवल वाटणार नाही. पोर्तुगीज अमदानीत तेथेही खत नोटरीच्याच वहीत उतरे. इंग्लंडात हेच काम सॉलिसिटर पाहतो.

विक्रेत्याने सुचविलेल्या नोटरीवरच विसंबण्याचे कारण नाही. खरेदीदारास आपला निराळा नोटरी नेमता येतो आणि मेहनताना दोघांत विभागला जातो, वाढत नाही. ही सोय पुष्कळांस ठाऊकच नसते!

लखनौच्या शिक्क्यास तिकडे किंमत यावी, म्हणून आधी राज्य शासनाचा दाखला व मग परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ लागते. १९६१ च्या हेग कराराची ही व्यवस्था भारतात २००५ पासून लागू झाली. मात्र मजकूरच सदोष असेल, तर अपोस्टिल तो दुरुस्त करीत नाही. म्हणून मुखत्यारपत्राचा मसुदा त्या फ्रेंच नोटरीकडूनच मागवावा, तो समजून घ्यावा, आणि मगच लखनौच्या कचेरीची पायरी चढावी.