संख्यांची नावे आणि त्यांतील अक्षरे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर एका निवृत्त गणित-शिक्षकाने केलेले भाषण)





स्नेहसंमेलनात गणितावर बोलणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत कडू काढा वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून मी आज गणित शिकवणार नाही. तुमच्याशी एक खेळ खेळणार आहे. त्याला पाटी लागत नाही, पुस्तक लागत नाही, पैसाही लागत नाही. ज्याला आपल्या भाषेत मोजता येते आणि लिहिता येते, त्या प्रत्येकाला तो खेळता येतो.

खेळ असा. कोणतीही संख्या मनात धरा. तिचे नाव लिहा. त्या नावात किती अक्षरे आहेत ते मोजा. जो आकडा येईल, त्याचे नाव लिहा. पुन्हा अक्षरे मोजा. असे करीत जा आणि आपण कोठे पोहोचतो ते पाहा.

प्रथम इंग्रजीत पाहू. २७ ही संख्या घ्या. 'ट्वेंटी-सेव्हन' या नावात ट्वेंटीची सहा आणि सेव्हनची पाच मिळून ११ अक्षरे होतात. 'इलेव्हन' मध्ये ६ अक्षरे. 'सिक्स' मध्ये ३. 'थ्री' मध्ये ५. 'फाइव्ह' मध्ये ४. आणि 'फोर' मध्ये? चारच! आता पुढे जाण्यास वाट नाही; चार स्वतःकडेच परत येतो. आता १०० घ्या. 'वन हंड्रेड' ची १० अक्षरे, 'टेन' ची ३, मग ५, मग ४. कोठूनही निघा, इंग्रजीत मुक्काम चारावरच पडतो.

आता आपल्या उर्दूत या. येथे आपण हर्फ मोजू. 'चार' चे चे, अलिफ, रे असे तीन हर्फ होतात. 'तीन' चे ते, ये, नून हे तीनच. म्हणजे तीन हा येथला मुक्काम झाला. पण थांबा. 'दो' चे दाल आणि वाव असे दोन हर्फ आहेत. म्हणजे दोन हाही मुक्काम झाला! उर्दूत एक नव्हे, दोन मुक्काम आहेत. 'पंद्रह' चे पाच हर्फ, 'पांच' चे चार, 'चार' चे तीन. हा प्रवासी तीनवर उतरला. 'अठारह' चे सहा हर्फ, 'छे' चे दोन. हा दोनवर उतरला. कोणी विद्यार्थी विचारील, "सर, दो-चश्मी हे वेगळी मोजायची की आधीच्या हर्फासोबत?" प्रश्न उत्तम आहे. दोन्ही रीतींनी मोजून पाहा. वाट बदलते, पण शेवट दोन किंवा तीन येथेच होतो.

फारसीत काय होते? 'दो' चे दोन हर्फ, म्हणून दोन हा मुक्काम. 'चहार' चे चे, हे, अलिफ, रे असे चार, म्हणून चार हाही मुक्काम. येथेही दोन घरे आहेत, पण उर्दूच्या तीनच्या जागी चार आला.

अरबीत मात्र मौज आहे. मोजताना म्हणतात त्या रूपात 'अरबआ', म्हणजे चार, याचे अलिफ, रे, बे, ऐन आणि शेवटची गोल ते मिळून पाच हर्फ होतात. 'खम्सा', म्हणजे पाच, याचे हर्फ चार. चार पाचाकडे पाठवितो, पाच चाराकडे पाठवितो! प्रवाशाला मुक्काम मिळतच नाही, दोन दारांमध्ये त्याच्या येरझारा चालू राहतात. शेवटची गोल ते काढून टाकली, तर 'अरबअ' चे चारच हर्फ उरतात आणि चाराला लगेच घर मिळते.

आता आपली मराठी. मोजा माझ्याबरोबर : ए-क, दो-न, ती-न, चा-र, पा-च, स-हा, सा-त, आ-ठ, न-ऊ, द-हा. काय दिसले? एकापासून दहापर्यंत प्रत्येक नाव दोन अक्षरांचे! शून्यसुद्धा 'शू' आणि 'न्य' असा दोन अक्षरीच. रोज आपण ही नावे घेतो, पण ही शिस्त आपल्या ध्यानात येत नाही. अर्थात मराठीत सर्वांचा मुक्काम दोनवर.

हिंदी इतकी जवळची बहीण, पण तिचे 'दो' एकाच अक्षराचे आणि 'एक' दोन अक्षरांचे. म्हणून हिंदीत दोन एकाकडे धाडतो आणि एक दोनकडे. पुन्हा येरझारा.

मराठीत अक्षरांऐवजी वर्ण मोजले तर? 'चार' म्हणजे च्, आ, र्, अ असे चार वर्ण. 'एक' चे तीन, 'आठ' चे तीन, 'नऊ' चे तीन. बाकी दहापर्यंतच्या साऱ्यांचे चार. म्हणजे वर्ण मोजले की मराठीचा मुक्काम इंग्रजीप्रमाणे चारावर जातो! आणि बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो, तो धरलाच नाही, तर मुक्काम तीनवर सरकतो. मोजण्याचा नियम बदलला की उत्तर बदलते. म्हणून गणितात पहिला प्रश्न 'उत्तर काय?' हा नसतो, 'नियम कोणता?' हा असतो.

आपल्या दोन जिल्ह्यांच्या सीमांवर आणखी दोन भाषा उभ्या आहेत. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या बाजारात तेलुगू कानी पडते. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. 'एनिमिदी', म्हणजे आठ, याची चार अक्षरे. 'नालुगू' ची तीन. 'मूडू' ची दोन. 'रेंडू' ची दोन. तेलुगूचा मुक्काम मराठीप्रमाणे दोनवर. लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी, निलंग्याच्या पलीकडे बीदर लागते, तेथे कन्नड. कन्नडमध्ये 'एरडु', म्हणजे दोन, याची तीन अक्षरे आणि 'मूरु', म्हणजे तीन, याची दोन. कन्नडमध्ये अरबीसारख्याच येरझारा! शेजारच्या तेलुगूत घर सापडते, कन्नडमध्ये सापडत नाही; आणि हजारो कोस दूरची अरबी या बाबतीत कन्नडची मैत्रीण निघते.

आता विद्यार्थ्यांना प्रश्न. प्रत्येक भाषेत प्रवास एखाद्या घरात किंवा फेऱ्यातच का संपतो? कायमचा भटकत का राहात नाही? कारण असे. संख्या वाढते, पण तिचे नाव त्या मानाने वाढत नाही. 'हजार' हे नाव तीन अक्षरांचे, 'लाख' दोन, 'कोटी' दोन. मी सांगितलेल्या या भाषांत दहापेक्षा मोठ्या कोणत्याही संख्येचे नाव तिच्या स्वतःपेक्षा कमी अक्षरांत मावते. म्हणून प्रवासी खाली खाली येत शेवटी दहाच्या आत उतरतो. आणि दहाच्या आतील नावे इतकी लहान की तो पुन्हा वर चढू शकत नाही. आता आत जागा मोजक्या आणि पावले कितीही. दहा खुर्च्या आणि अकरा मुले असली, तर कोणती तरी दोन मुले एकाच खुर्चीवर बसणार. तसाच आपला प्रवासी कधी तरी पूर्वी येऊन गेलेल्या जागी पुन्हा येणार. आणि एकदा आला की तीच वाट पुन्हा चालणार. मित्रांनो, तुम्ही आताच एक सिद्धता ऐकलीत, आणि कोणालाही झोप लागली नाही!

पालकहो, येथवर खेळ झाला. आता या खेळामागे माझी स्वतःची एक जुनी गोष्ट आहे, ती सांगतो.

माझे प्राथमिक शिक्षण उर्दूत झाले. पुढे अब्बांनी मला मराठी शाळेत घातले. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर बोलावून मला सांगण्यात आले, "एकोणसत्तर लिही." मी कानाला जे ओळखीचे वाटले ते धरले : 'एक' आणि 'सत्तर'. मी ७१ लिहिले. सारा वर्ग हसला. शिक्षकही हसले आणि म्हणाले, "याला मोजतासुद्धा येत नाही." मला मोजता येत होते. पाढे मुखोद्गत होते. पण त्या दिवसापासून मी तोंड मिटले. जवळजवळ वर्षभर उत्तर येत असूनही हात वर केला नाही. घरी अम्मीला वाटे, मुलाचे डोके गणितात चालत नाही.

दुसऱ्या वर्षी दुसरे शिक्षक आले. त्यांनी माझी वही पाहिली, मला जवळ बसविले आणि विचारले, "तुझ्या घरी ६९ ला काय म्हणतात?" मी हळूच म्हणालो, "उनहत्तर." ते म्हणाले, "त्यातले 'उन' म्हणजे काय?" मला ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी सांगितले : 'ऊन' म्हणजे कमी. सत्तराला एक कमी, म्हणून एक-ऊन-सत्तर, एकोणसत्तर. तुमच्या उन्नीस, उनतीस, उनहत्तर यांतला 'उन' तोच. "अरे, तुझ्या घरचा शब्द आणि शाळेचा शब्द भाऊ-भाऊ आहेत. तू उगाच त्यांना परके समजलास." त्या एका वाक्याने माझे गणित सुटले. पुढे तोच विषय मी आयुष्यभर शिकविला.

ही अडचण एकट्या उर्दू मुलाची नाही. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. लिहिताना मात्र ६ आधी आणि ३ नंतर. उर्दूतही 'तिरसठ' असेच उलटे. तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीत मात्र साठ आधी आणि तीन नंतर, म्हणजे जसे बोलतात तसे लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. विधिमंडळातही चर्चा झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, जोडाक्षरांमुळे आणि या उलट क्रमामुळे लहान मुले अडखळतात आणि गणिताला भितात. विरोधकांचे म्हणणे असे की, भाषेचे शतकांचे धन असे टाकू नये. डॉ. नारळीकर २०२३ साली निवर्तल्या. परंतु त्यांनी मांडलेला प्रश्न शिल्लक आहे.

या वादात कोण बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही. पण आपल्या खेळाच्या नजरेने एक गोष्ट पाहा. 'त्र्याण्णव' यात अक्षरे तीनच. 'नव्वद तीन' यात पाच. मोजले तर पहिले नाव आखूड. पण सात वर्षांच्या मुलाच्या जिभेला विचारा! 'त्र्या' या एका अक्षरात तीन व्यंजने एकमेकांच्या खांद्यावर बसली आहेत. अक्षरे थोडी म्हणजे सोपे, असे नव्हे. मूल अडखळते तेव्हा ते कशावर अडखळले, हे आधी पाहिले पाहिजे : संख्येवर की संख्येच्या नावावर? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नावावर अडखळलेल्या मुलाला 'गणितात कच्चा' ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्या भागातील मुलाकडे पाहा. घरी दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, बाजारात कोठे तेलुगू तर कोठे कन्नड, मदरशात अरबी, आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी. काही पालक मला विचारतात, "सर, इतक्या भाषांत पोराचा गोंधळ होणार नाही का?" गोंधळ भाषांमुळे होत नाही; त्यांच्यातला दुवा कोणी दाखवीत नाही म्हणून होतो. एके काळी याच मुलखात जमा, तफरीक, जर्ब, तक्सीम या शब्दांनी हिशेब शिकविला जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च गणितसुद्धा उर्दूत शिकवीत. आज आपण बेरीज, वजाबाकी म्हणतो. पण 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी आणि 'बेरीज' फारसीतून आलेला. मराठी शाळेच्या फळ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आणि अरब लोक आपल्या अंकांना 'अर्काम हिंदिय्या', म्हणजे हिंदचे अंक, म्हणत आले. देवघेव अशी दोन्ही बाजूंनी झाली आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल कोणत्याही माध्यमात घाला, पण घरची मोजणी बंद पाडू नका. शिकलेल्या सूनबाईंनी नानीच्या 'उनहत्तर' ला हसू नये. मुलींना तर विशेष सांगतो : घरात धान्याचा, दुधाचा, भिशीचा हिशेब तुम्ही तोंडी करता, तेही गणितच आहे. तो हिशेब आईच्या भाषेत होतो म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. शिक्षक बंधूंनाही विनंती : मुलाने ७१ लिहिले, तर हसण्यापूर्वी त्याला विचारा, तुझ्या घरी काय म्हणतात?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला घरचा अभ्यास देतो. एका कागदावर एकपासून वीसपर्यंतची नावे तुम्हांला माहीत असलेल्या प्रत्येक भाषेत लिहा. माहीत नसेल ती भाषा शेजाऱ्याला, दुकानदाराला, आजीला विचारा. अक्षरे मोजा, बाण काढा आणि मुक्काम शोधा. कोणाला घर मिळते, कोण येरझारा घालतो, ते मांडा. आणि मोजण्याचा नियम कोणता धरला, ते वर स्पष्ट लिहा.

इंग्रजीत सारे रस्ते चारावर येतात, मराठीत दोनवर, उर्दूत कोणी दोनवर उतरतो, कोणी तीनवर. मुक्काम निरनिराळे असले, तरी प्रवास कोठे तरी पोहोचतोच, याचे कारण सर्व भाषांत एकच आहे. ते कारण ज्याला आपल्या भाषेत समजले, त्याला ते कोणत्याही भाषेत समजेल.