बाळाची सुंता : आईबापांनी काय विचारावे?



या व्याख्यानमालेसाठी आम्ही आमचा विषय कळवला, तेव्हा एका चालकांनी हळूच विचारले, "डॉक्टर, हे चारचौघांत बोलण्यासारखे आहे का?" त्यांचा संकोच आम्हांला समजतो. परंतु ज्या गोष्टी चारचौघांत बोलल्या जात नाहीत, त्याच घरोघरी चुकत राहतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आज आपण तासभर संकोच बाजूला ठेवू आणि तान्ह्या मुलाच्या सुंतेविषयी साध्या भाषेत बोलू.

आमच्या दवाखान्यात या प्रश्नासाठी तीन प्रकारची माणसे येतात. ठाण्याहून बेने इस्राएल कुटुंब येते. त्यांचा दिवस ठरलेला असतो. कल्याण, मुंब्रा किंवा भिवंडीहून मुसलमान कुटुंब येते; त्यांची रीत ठरलेली असते, दिवस मात्र नसतो. आणि डोंबिवलीहून एखादे हिंदू जोडपे येते. त्यांची रीतही नसते आणि दिवसही नसतो. त्यांच्याजवळ असते ती भीती. "डॉक्टर, बाळाची कातडी मागे जात नाही. कापावी लागेल का हो?" या तिसऱ्या मंडळींपासूनच सुरुवात करू, कारण त्यांची संख्या सर्वांत मोठी आहे.

मुलगा जन्मतो तेव्हा त्याची पुढची कातडी आतल्या मण्याला चिकटलेली असते. नखाखालची त्वचा नखाला धरून असते, तशीच. हा रोग नव्हे, ही निसर्गाची योजना आहे. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालवैद्याने 1949 साली मुले तपासून दाखवून दिले, की जन्मतः शंभरांतल्या चारच मुलांची कातडी पूर्ण मागे जाते. पुढे 1968 साली डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुले वर्षानुवर्षे तपासली. सहासात वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे आठांची कातडी घट्ट होती. सोळासतरा वर्षांच्या मुलांत ती शंभरांत एकाचीच राहिली. म्हणजे बहुतेक गाठी काळ स्वतःच सोडवतो. त्यासाठी सुरी लागत नाही.

मग बिघडते कोठे? ते बिघडते आपल्या न्हाणीघरात. बाळाला न्हाऊ घालणारी मावशी तेल चोळते, पाट्यावर पाय पसरून बाळाला आडवे घेते, आणि आंघोळीच्या शेवटी "जागा मोकळी व्हायला हवी" म्हणून ती कातडी रोज जोराने मागे ओढते. बाळ किंचाळते, घरातली माणसे म्हणतात, रडू द्या, फुप्फुसे मोठी होतात! या मावशींविषयी आम्हांला आदर आहे. कित्येक बाळंतिणींना त्यांच्या हातांनीच उभे केले आहे. पण ही एक गोष्ट त्यांनी सोडावी. ओढल्याने कातडीला बारीक चिरा पडतात, चिरांचे व्रण होतात, व्रण आक्रसतात, आणि जो रोग मुळात नव्हता तो खरोखर उभा राहतो. अशी चिरलेली, सुजलेली जागा घेऊन आलेले बाळ आम्ही पाहिले आहे. त्याच्या आजी म्हणाल्या, "अहो, आम्ही तर सुंता टळावी म्हणूनच ओढत होतो." बाहेरून पाण्याने धुणे एवढेच पुरे. कातडीखाली पांढरे मोत्यासारखे कण दिसले तर ते पू नव्हेत. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगली आणि बाळ खुशाल असले, तर तेही बहुधा निरुपद्रवीच असते.

डॉक्टरांकडे केव्हा यावे? लघवी थेंबथेंब होत असेल, बाळ कुंथून रडत असेल, लाली व सूज येत असेल, पुन्हा पुन्हा तापासह लघवीचा विकार होत असेल, किंवा टोकाशी पांढरा कठीण व्रण दिसत असेल, तर यावे. मागे गेलेली कातडी पुढे येईनाशी होऊन टोक सुजले, तर मात्र त्याच घटकेला यावे. आपल्या सुश्रुतसंहितेत या घट्टपणाला 'निरुद्धप्रकश' म्हटले आहे, आणि उपचार सांगितला आहे तो स्निग्ध पदार्थ लावलेली नळी बसवून, दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घेत, वाट हळूहळू रुंद करण्याचा. आज नळीच्या जागी स्टेरॉइडचे मलम आले आहे. ते काही आठवडे लावले की बहुतेक मुलांचे काम शस्त्राविना होते. ते मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे.

आता ज्यांच्या घरी ही धर्माची आज्ञा आहे, त्यांच्याकडे वळू.

बेने इस्राएल हे आपल्या कोकणचे मराठी बोलणारे यहुदी. गावावरून पडलेली त्यांची 'कर'कारान्त आडनावे तुमच्याआमच्यासारखीच. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचे ठाण्याचे प्रार्थनामंदिर, 'शाआर हाशामाइम', 1879 सालचे आहे. 1948 नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, तरी त्यांची वस्ती ठाण्यात आजही आहे. त्यांच्यात मुलाची 'मिला' आठव्या दिवशी होते आणि त्याच वेळी नाव ठेवले जाते. जन्माचा दिवस पहिला धरायचा, आणि दिवस बदलतो सूर्यास्ताला. सोमवारी दुपारी जन्मलेल्याची मिला पुढल्या सोमवारी; सोमवारी रात्री जन्मलेल्याची मंगळवारी. एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात. आठवा दिवस शब्बाथचा आला, तरी एरवी सर्व काम वर्ज्य असताना हा विधी होतो.

पण शब्बाथही ज्याच्या आड येत नाही, त्या विधीच्या आड बाळाची कावीळ मात्र येते! यहुदी धर्मशास्त्र सांगते, की बाळ पिवळे असेल, आजारी असेल, तर ते बरे होईपर्यंत थांबा. जिवाला धोका असेल तेथे सारे नियम मागे सरतात. तालमूद या प्राचीन ग्रंथात त्सिपोरी गावच्या चार बहिणींची हकीकत आहे. पहिलीच्या मुलाची सुंता केली, तो दगावला. दुसरीचा दगावला. तिसरीचाही दगावला. चौथी विचारायला आली तेव्हा धर्मपंडिताने निर्णय दिला, याची सुंता करू नका. रक्त न गोठण्याचा विकार आईच्या रक्ताच्या नात्यातून मुलग्यांत उतरतो, हे फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो यांनी वैद्यकाच्या भाषेत लिहिले ते 1803 साली. त्याच्या बाराशेहून अधिक वर्षे आधी एका शास्त्रीबुवांनी आईच्या बहिणींकडे पाहून निर्णय दिला होता.

मुसलमान समाजाकडे पाहू. आपला 'सुंता' हा शब्दच मुळी अरबी 'सुन्नत'वरून आला. शाफई पंथात, आणि आपले कोकणी मुसलमान त्या पंथाचे आहेत, ती वाजिब मानतात. हनफी पंथात सुन्नत मानतात. दिवसाची सक्ती नाही. कोणी सातव्या दिवशी करतात, कोणी मूल पाचसात वर्षांचे झाल्यावर. पूर्वी हे काम वस्तऱ्याने होई. आता बहुतेक कुटुंबे दवाखान्यात येतात, हे फार चांगले झाले. दिवस ठरलेला नसणे ही तर मोठीच सोय आहे. बाळ अशक्त असेल, तर थांबायला कोणाची हरकत नाही.

येथे आम्ही आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी एक तान्हे बाळ टेबलावर होते. आम्ही आईला विचारले होते, "घरात कोणाला रक्ताचा आजार?" ती म्हणाली, "नाही." बापालाही विचारले. त्याने आपल्या घरचे सांगितले. आम्ही हात धुतले. इतक्यात बाळाची नानी दाराशी येऊन म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझा धाकटा भाऊ दात काढल्यावर तीन दिवस रक्त वाहून गेला. याचे नीट करा हां." ती काही इशारा देत नव्हती, काळजीपोटी बोलली इतकेच. आम्ही हातमोजे काढले. तपासणीत निघाला हिमोफिलिया. बाळाच्या आईला तो मामा आठवतच नव्हता. तिच्या जन्माआधीची ती गोष्ट. विचारायचे होते ते नानीला, आणि आम्ही विचारले आईला. तेव्हापासून आमचा नियम आहे, की आईच्या माहेरचे सर्वांत वडील माणूस बोलल्याशिवाय शस्त्र उचलायचे नाही.

हिमोफिलियाचा मुख्य प्रकार पाच हजार मुलग्यांत साधारण एकाला असतो. थोडा वाटतो ना? पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते सारे पाव लिटर, म्हणजे दोन कप चहाएवढे. त्यातले दोन मोठे चमचे लंगोटात मुरले, तर दहावा हिस्सा गेला, आणि लंगोट पाहून ते कोणाला कळतही नाही. शिवाय अशा तीनांतल्या एका मुलाच्या घरी पूर्वी कोणालाच हा आजार नसतो. म्हणून विचारल्यानंतरही पहिली रात्र जागायची असते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात या आजाराचे केंद्र आहे. योग्य औषध हाताशी ठेवून पुढे काय करायचे ते तेथल्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

मग आईबापांनी काय पाहावे? पहिले, माहेरचा इतिहास, तो सांगितला. दुसरे, जन्मतःच 'के' जीवनसत्त्वाची सुई दिली का? पहिल्या आठवड्यात बाळाचे रक्त गोठण्याची शक्ती कमी असते. ते जीवनसत्त्व शोधणारे हेन्रिक डाम 1943 सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. आठव्या दिवशी ही शक्ती आपोआप भरून येते असे कोणी सांगतात. त्यावर विसंबून सुई टाळू नये. सुटी मिळतानाचा कागद उघडून पाहावा. तिसरे, बाळ पूर्ण दिवसांचे, पुरेशा वजनाचे, नीट पिणारे, कावीळ नसलेले आहे ना? चौथे, लघवीचे छिद्र टोकाला आहे ना? ते खालच्या बाजूस असेल तर सुंता मुळीच करू नये. पुढे ते छिद्र दुरुस्त करताना सर्जनला हीच कातडी लागते. एकदा फेकली की ती परत मिळत नाही.

पाचवे, वेदना. तान्ह्याला दुखत नाही, ही जुनी समजूत खोटी ठरली आहे. जागा बधिर करण्याची सुई दिली पाहिजे. साखरपाण्याचा थेंब सोबतीला चालेल, तिच्या जागी नव्हे. "दोन मिनिटांचे तर काम आहे" असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून घरी यावे. सहावे, हात कोणाचा आणि हत्यारे कशी? किती केल्या, हत्यारे निर्जंतुक केलेली आहेत ना, आणि रात्री रक्त आले तर कोणाला उठवायचे, हे निःसंकोच विचारावे. रागावणारा डॉक्टर या कामाचा नव्हे. शक्यतो सकाळी करून घ्यावे, म्हणजे पहिले काही तास उजेडात जातात. दूरच्या गावी जायचे असेल, तर त्या दिवशी गाडीत बसू नये.

नंतरची काळजी सोपी आहे. लगेच अंगावर पाजावे. जागेला व्हॅसलीन लावावे, लंगोट सैल ठेवावा. हळद, राख, कोणताही लेप लावू नये. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी पिवळसर पापुद्रा दिसतो. तो पू नव्हे, खरवडू नये. प्लास्टिकची कडी बसवली असेल, तर ती साधारण आठवडाभरात आपली आपण पडते, ओढू नये. आठदहा दिवसांत जखम भरते. मात्र स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, बारा तासांत लघवी झाली नाही, ताप आला, लाली पोटाकडे चढू लागली किंवा बाळ पिईनासे झाले, तर घड्याळ पाहू नये, निघावे.

"पण डॉक्टर, सुंतेचे फायदे असतात ना?" असे श्रोत्यांतून कोणी विचारील. असतात, पण प्रमाण पाहा. तान्हेपणी लघवीच्या मार्गाचा विकार पुष्कळ कमी होतो हे खरे. परंतु तो मुळातच शंभर मुलांत एकाला होतो, म्हणजे एकाचा टळावा म्हणून सुमारे शंभरांवर शस्त्र चालवावे लागते. आफ्रिकेतील तीन मोठ्या प्रयोगांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीसंबंधातून एच. आय. व्ही. लागण्याचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी घटले, आणि 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली ती ज्या देशांत हा रोग फार पसरला आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेच्या बालवैद्यांनी 2012 साली फायदे धोक्यांहून अधिक ठरवले, तरी प्रत्येक मुलाची सुंता करा असे म्हटले नाही. कॅनडाच्या बालवैद्यांनी 2015 साली सरसकट सुंतेची शिफारस करण्याचे नाकारले. सारांश, ज्याच्या घरी धर्माची आज्ञा नाही आणि अंगात आजार नाही, त्याने फायद्याच्या आशेने तान्ह्याला टेबलावर आणू नये, असे आमचे मत आहे.

आणि ज्याच्या घरी आज्ञा आहे, त्याच्या श्रद्धेवर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमचे काम एवढेच, की ती आज्ञा पाळताना बाळाला इजा होऊ नये. थांबणे म्हणजे धर्म मोडणे नव्हे, हे त्सिपोरीच्या शास्त्रीबुवांनीच सांगून ठेवले आहे.

उद्या आपल्या घरी, शेजारी, चाळीत मुलगा जन्मेल. पेढे वाटून झाले की एक काम करा. बाळाच्या आजीजवळ बसा आणि तिच्या भावांची, मामांची विचारपूस करा. ती आनंदाने सांगेल. म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारले तर हवेच असते. त्या गप्पांत एखादे वाक्य असे निघेल, की त्यावर एक जीव वाचेल. आमच्या दवाखान्यात तो वाचला. तो मुलगा आता शाळेत जातो.