जमीन आपली, माल आपला, मग तराजू दुसऱ्याचा का?

(सातपुड्यातल्या वनहक्क समित्यांच्या आणि बचत गटांच्या मेळाव्यात कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण)



आंब्याला मोहोर आलाय. आता थोड्याच दिवसांत भोंगऱ्या बाजार भरेल, मग होळी. होळीला घरात पैसा लागतो. तेल-मीठ, कपडे, पाहुणे, ढोल, सगळं आलं. आणि नेमक्या याच दिवसांत व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर पाड्यावर येतो. झाडाकडे बघतो आणि हातात उचल ठेवतो. म्हणून हे बोलणं होळीनंतर करून उपयोग नाही, आजच करायला पाहिजे.

आजवर आपल्या सभांमध्ये आपण जमिनीवर बोललो. दावे कसे भरायचे, पुरावे कोणते लावायचे, मोजणीला कोण हजर राहायचं. ते काम संपलेलं नाही. किती तरी दावे अजून पडून आहेत, काही अर्धीच जमीन दाखवून मंजूर केलेत, त्यांची लढाई चालूच राहणार. पण ज्यांच्या हातात प्रमाणपत्र आलं, त्यांच्या घरात काय बदललं हेही आम्ही पाडोपाडी फिरून विचारतो. उत्तर बहुतेक एकच मिळतं: "जमीन नावावर झाली, पण उधारी तशीच आहे."

हे असं का होतं ते नीट समजून घेऊ.

वनहक्क कायदा २००६ सालचा. त्या कायद्याने सुरुवातीलाच मान्य केलं की जंगलात राहणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. तोपर्यंत आपल्याला अतिक्रमणदार म्हणायचे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जमीन कसतो, त्याचा ४ हेक्टरपर्यंतचा हक्क कायद्याने मान्य केला. त्यात दोन गोष्टी फार चांगल्या आहेत. एक, प्रमाणपत्रावर नवरा-बायको दोघांचं नाव येतं. दोन, ही जमीन वारसाने पोराबाळांना जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे सावकार आता कागदावर आपली जमीन घेऊ शकत नाही.

सावकारालाही हे कळतं. म्हणून तो जमीन मागतच नाही. तो जमिनीवरचं मागतो. झाडावरचा मोहोर लिहून घेतो, पेरणीच्या आधीच तूर लिहून घेतो, मोह पडायच्या आधी मोहाची फुलं लिहून घेतो. जमीन गहाण पडत नाही, पण जमिनीची कमाई गहाण पडते. आपण कसतो, आपण राखतो आणि भाव तो ठरवतो. अशा वेळी हातातला हक्क अर्धाच राहतो.

आता आमचूरचंच बघा. धडगाव-मोलगीकडचं आमचूर दूरच्या बाजारात जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे कष्ट किती? उन्हाळ्यात कैरी उतरवायची. डोक्यावर टोपलं घेऊन चढ चढायचा. घरातल्या बाया, म्हातारी, शाळेची पोरं, सगळ्यांनी बसून साली काढायच्या, फोडी करायच्या. कैरीच्या चिकाने हात काळे पडतात, सोलतात. मग फोडी खडकावर वाळत घालायच्या, दिवसभर राखायच्या, गुरं-बकऱ्या हाकायच्या. मध्येच वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन गोळा करायच्या. भिजल्या तर काळ्या पडतात, आणि काळ्या मालाला भाव नाही.

एवढं करून माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. समजा घरात ५० किलो आमचूर झालं. काट्यात ३ किलो गेलं. "ओलं आहे" म्हणून २ किलो कडता कापला. बारदानाचं १ किलो. भाव काय ते ठरायच्या आधीच ६ किलो गेलं. आता पाड्यात अशी ६० घरं धरा. ३६० किलो माल नुसता काट्यावरून पळाला. त्यानंतर उचल कापली जाते, उचलीचं व्याज कापलं जातं, आणि उरलेल्या पैशाचं मीठ-तेल त्याच्याच दुकानातून घ्यावं लागतं. हा हिशोब आम्ही समजा म्हणून सांगितला. खरा हिशोब तुमच्या घरात आहे. या वर्षी तो वहीत लिहा.

एखादा व्यापारी वाईट आहे एवढंच आम्ही म्हणत नाही. काही जण बरेही असतील. पण ज्याच्याकडे काटा, ज्याच्याकडे वही, ज्याच्याकडे गोदाम आणि ज्याच्याकडे गाडी, तोच भाव ठरवणार. या चार गोष्टी गावाच्या हातात आल्या तर भावही गावाच्या तोंडी येईल. आम्हा कार्यकर्त्यांचं यापुढचं काम हेच आहे.

पहिली गोष्ट काटा. गट मिळून एक काटा घ्यायचा आणि वजनमापे निरीक्षकाकडून तपासून शिक्का मारून घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची अशी तपासणी दर वर्षी करावी लागते. घरी वजन करून, चिठ्ठी लिहून मगच माल बाहेर काढायचा. गावचा शिक्क्याचा काटा उभा राहिला की व्यापाऱ्याचा काटाही जरा सरळ होतो.

दुसरी वही. आमच्यातले बरेच जण बारावीपर्यंत शिकले आणि नोकरीची वाट बघत बसले. पोरींचंही तसंच. नोकरी येईल तेव्हा येईल, पण गावची वही लिहायला बारावी भरपूर झाली. कोणाच्या घरून किती माल आला, कोणत्या प्रतीचा, कोणाला किती पैसे दिले, गाडीभाडं किती गेलं. महिन्यातून एकदा ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू आलं पाहिजे.

तिसरी गोदाम. मोठं बांधकाम लागत नाही. कोरडी, उंदीर लागणार नाही अशी एक खोली पुरे. तिथे माल निवडायचा. पांढरं आमचूर वेगळं, काळं वेगळं. दोन्ही एकाच पोत्यात गेलं की सगळ्याचाच भाव काळ्याचा लागतो. वाळवण खडकावर न करता बांबूचं मचाण करून त्यावर स्वच्छ कापड टाकून केलं, तर माती लागत नाही आणि पाऊस आला तर चार कोपरे धरून एका झटक्यात उचलता येतं.

चौथी गाडी. एका घरचा एक पोता घेऊन कोणी लांबच्या बाजारात जाऊ शकत नाही. पण तीस घरांचा माल एका पिकअपमध्ये बसतो. भाडं वाटून जातं. आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मग विकता येतं.

आता कोणी म्हणेल, नाक्यावर अडवतील, पावती मागतील. म्हणून कायदा पाठ करा. वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(ग) सांगतं की गौण वनोपजावर आपला मालकी हक्क आहे: गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा. २०१२ साली नियम सुधारले. तेव्हापासून वनोपज गावात साठवायचा, त्याच्यावर प्रक्रिया करायची, योग्य त्या वाहनाने न्यायचा, आपल्या संघामार्फत विकायचा, हे सगळं त्या हक्कात येतं, आणि त्यावर रॉयल्टी किंवा फी नाही. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देते. म्हणून ही समिती कागदावर असून भागत नाही. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. घरी बसून सह्या गोळा केल्या तर तो ठराव पुढे टिकत नाही.

आपण अनुसूचित क्षेत्रात आहोत. १९९६ चा पेसा कायदा गावबाजाराचं व्यवस्थापन आणि सावकारीवरचं नियंत्रण ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे द्यायला सांगतो. बाजारात बसायची जागा, पट्टी, वजनकाटे, हा सगळा ग्रामसभेने हात घालायचा विषय आहे.

आणि हे होऊ शकतं का, असं कोणी विचारलं तर गडचिरोलीकडे बघा. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड लोकांचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. त्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायला परवाना मिळेना. बांबू गवत की झाड, यावर वाद घालण्यात आला. गाव मागे हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. प्रमाणपत्र आणि परवाना पुस्तक यांच्यामध्ये दोन वर्षं गेली, हे लक्षात ठेवा. जमिनीची लढाई आणि मालाची लढाई एकाच्या मागे एक येतात.

विकण्याबद्दल इतकं बोललो, आता खाण्याबद्दल बोलू. सगळंच विकायचं नसतं. आपल्या डोंगरात मोर, बंटी, भगर, ज्वारी, मका, तूर, उडीद एकाच शेतात मिसळून पेरायची रीत आहे. एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागायचं. आता हायब्रीडच्या पिशवीसाठी दर वर्षी दुकानात जावं लागतं आणि ती पिशवीही उधारीवरच मिळते. म्हणजे बियाण्यापासूनच उधारी सुरू होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्यासारख्याच आदिवासी शेतकरी बाई. शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियाणं जपून त्यांनी बियाणे बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या म्हाताऱ्यांच्या कणग्यांत आणि राखेच्या मडक्यांत अजून बियाणं आहे. म्हातारी गेली की मडकंही जातं. त्याआधी प्रत्येक पाड्याने कोणतं बियाणं कोणाकडे आहे त्याची यादी करावी.

शहरातले लोक आता भगर आणि ज्वारीला पौष्टिक म्हणतात. २०२३ हे साल जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं. आणि आपल्याच पोरांच्या हातात बाजारातून कुरकुऱ्यांची पुडी येते. म्हणून आम्ही बचत गटांना सांगतो, आठवडे बाजारात आपलं दुकान मांडा. मक्याची-ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, लाल मिरचीची चटणी. बाजाराला दहा-दहा किलोमीटर चालत येणारा माणूस पोटभर गरम जेवण घेईल आणि पैसा गावात राहील. छोट्या खाद्यधंद्याची नोंदणी करून घ्या. २०११ च्या नियमांत तिची फी वर्षाला १०० रुपये ठरली होती. एजंटला जास्त देऊ नका.

अंगणवाडीतही असंच. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. एक वेळचं पूर्ण जेवण द्यायचं आहे. त्यासाठी गावात आहार समिती असते. डाळ, भाजी, अंडी आपल्याच गावच्या बायांकडून का घेऊ नये? ज्या गावात तूर पिकते त्या गावातली बाळंतीण डाळीवाचून का राहावी? हा प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि समितीकडून उत्तर घ्या.

आता अवघड गोष्ट. व्यापाऱ्याची उचल घेतली नाही तर आषाढ-श्रावणात काय खायचं? तेव्हा घरात दाणा नसतो आणि मजुरीही नसते. रागावून व्यापारी उधारी बंद करेल. ही भीती खरी आहे. त्याला दोन उपाय. धान्यकोठी: सुगीला प्रत्येक घराने थोडं धान्य टाकायचं, पावसाळ्यात ज्याला गरज त्याने न्यायचं, पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करायचं. आणि पहिल्या वर्षी सगळा माल गटाकडे देऊ नका. चौथा हिस्सा द्या. पैसे कसे येतात ते बघा. पटलं तर पुढच्या वर्षी निम्मा. एका दमात सगळं तोडायला गेलं तर गट मोडतो.

गट मोडायचं दुसरं कारण म्हणजे आपलीच माणसं. आपल्यातलाच एक शिकलेला पोरगा उद्या नवा व्यापारी होऊ शकतो. म्हणून बँकेत खातं गटाच्या नावाने, सह्या दोघांच्या, त्यातली एक बाईची. वही सगळ्यांसमोर. आम्हालाही हिशोब विचारा. कार्यकर्ता आहे म्हणून सोडू नका.

या मेळाव्यात आपण पुढचे ठराव करू:

१. या होळीला मोहोरावर उचल घ्यायची नाही. फार नड असेल त्या घराला बचत गटाने आधी मदत करावी.
२. प्रत्येक पाड्याने एक काटा आणि एक वही सुरू करावी. वही लिहायला एक मुलगी आणि एक मुलगा नेमावा.
३. ग्रामसभा भरवून वाहतूक परवाना देणारी समिती नेमावी आणि ठरावाची प्रत तहसील व वन कार्यालयात देऊन पोच घ्यावी.
४. आमचूरचा चौथा हिस्सा तरी या वर्षी एकत्र विकावा.
५. गावठी बियाण्याची यादी आणि धान्यकोठी पेरणीच्या आत व्हावी.
६. पडून असलेल्या दाव्यांसाठीचा मोर्चा ठरल्या दिवशी निघेल. काट्याचं काम चालू आहे म्हणून कोणी मागे राहायचं नाही.

ज्या ताकदीने आपण जमिनीवर उभे राहिलो, त्याच ताकदीने तराजूपाशी उभे राहू.

जंगल जमीन कोणाची? आमची आहे, आमची आहे!
मोहोर कोणाचा? माल कोणाचा? कसणाऱ्याचा, राखणाऱ्याचा!

जिंदाबाद! जोहार!